बाबासाहेबांचे नाणे, लिलावाचे आमिष आणि आपले मौन

आपल्या समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरतो. सोबत १९९० सालच्या एक रुपयाच्या नाण्याचा फोटो असतो. नाण्यावर बाबासाहेबांची प्रतिमा. खाली मजकूर असा की, हे नाणे तुमच्याकडे असेल तर ऑनलाइन लिलावात त्याला लाखो रुपये मिळतील, ताबडतोब या नंबरवर संपर्क साधा. शेवटी ‘जय भीम’ लिहायला मेसेज पाठवणारा विसरत नाही. इतर समाजांच्या ग्रुपवर हाच धंदा ट्रॅक्टरचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेवर किंवा वैष्णोदेवीच्या नाण्यावर चालतो. ज्याची जिथे श्रद्धा, तिथे त्याचा गळ.

हे नाणे आपल्या अनेक घरांत जपून ठेवलेले आहे. जन्मशताब्दीच्या निमित्ताने सरकारने ते काढले आणि ते चलनासाठी मोठ्या संख्येने पाडले गेले. पुढे २०१५ मध्ये, १२५ व्या जयंतीच्या वर्षी, दहा रुपयांचे आणि १२५ रुपयांचे स्मारक नाणे निघाले. आपल्या दृष्टीने या नाण्यांचे मोल पैशात सांगता येणारे नाही. पण बाजाराच्या दृष्टीने सांगायचे तर जी वस्तू घराघरांत सापडते ती दुर्मीळ नसते, आणि जी दुर्मीळ नसते तिला लाखाची बोली लागत नसते. एवढा साधा हिशेब केला तरी हा मेसेज तिथेच पुसून टाकता येतो. तरीही तो पुढे जातो, माणसे फोन करतात आणि फसतात.

फसवण्याची पद्धत ठरलेली आहे. फोन केला की पलीकडचा माणूस नाण्याचे फोटो मागतो. थोड्या वेळाने सांगतो, अभिनंदन, तुमच्या नाण्याला लिलावात साडेचार लाखांची बोली लागली. लिलावाच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवतो, त्यात एकावर एक चढत गेलेल्या बोली दिसतात. मग नोंदणी शुल्क म्हणून हजार-बाराशे मागतो. ते भरले की जीएसटी. ते भरले की रिझर्व्ह बँकेचे ‘ना हरकत प्रमाणपत्र’. त्यानंतर कुरिअरचा विमा. प्रत्येक वेळी आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे पैसे भरतो. चाळीस-पन्नास हजार गेल्यावर फोन बंद होतो. नाणे मात्र घरातच असते, कारण ते कुणाला हवेच नव्हते.

रिझर्व्ह बँकेच्या नावाने चाललेला हा प्रकार इतका वाढला की ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला इशारा द्यावा लागला. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण पडत नाही, त्यासाठी कुठलेही शुल्क वा कमिशन घेत नाही आणि तसे घेण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला, कंपनीला किंवा व्यक्तीला दिलेला नाही, असे बँकेने जाहीर केले. हा इशारा वर्तमानपत्रांत छापून आला. आपल्या ग्रुपवर तो किती जणांनी फॉरवर्ड केला?

ज्या महामानवाने १९२३ साली लंडनमध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, १९२५-२६ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे चलनाविषयी साक्ष दिली, रुपयाने बाजारात प्रत्यक्ष काय विकत घेता येते हा गरिबाच्या जगण्याचा प्रश्न आहे असे मांडले, त्याच्याच प्रतिमेचे नाणे पुढे करून त्याच्याच लेकरांना लुटले जाते. याचा आपल्याला राग यायला हवा. पण राग कुणावर धरायचा, हे आधी नीट ठरवले पाहिजे.

आपल्यातले शिकलेले लोक अशा वेळी पटकन म्हणतात, लोभ केला म्हणून फसला. काही जण पुढे जाऊन म्हणतात, एवढी डिग्री घेऊन अक्कल आली नाही. माझा या दोन्ही बोलण्यांना विरोध आहे. फसवले गेलेल्याला दोष देणे ही गोष्ट आपल्याला फार ओळखीची आहे. पिढ्यानपिढ्या आपल्या दारिद्र्याचे कारण आपल्याच कर्मात शोधले गेले. ज्यांनी लुटले ते नामानिराळे राहिले आणि लुटले गेले ते पापी ठरले. तोच न्याय आज आपण आपल्याच माणसाला लावणार आहोत काय?

लोभ तर माणसाला सगळीकडेच असतो. फरक पडतो तो बाजाराच्या माहितीने. ज्या घरात तीन पिढ्या दुकान आहे, तिथल्या पोराला ‘माल विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे नसतात’ हे शाळेत जाण्याआधी कळलेले असते. कुणी आगाऊ रक्कम मागितली तर विचारायला काका असतो, मामा असतो, ओळखीचा सीए असतो, बँकेत बसलेला आतेभाऊ असतो. आपल्याकडे हे काका-मामा कुठून आणायचे? ज्यांच्या हातचे दूध-तूप बाजारात कुणी घेत नव्हते, त्यांना व्यापाराचे शहाणपण वारशाने मिळणार तरी कसे? कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले तेव्हा त्यांच्या हातचा चहा प्यायला लोक तयार नव्हते. छत्रपती शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा पिऊ लागले, तेव्हा ते हॉटेल चालले. एक कप चहा विकायला ज्या समाजाला राजाचे पाठबळ लागले, त्या समाजाची आज पहिली-दुसरी पिढी बाजारात उतरली आहे. तिला बाजाराच्या खाचाखोचा माहीत नसतील तर तो तिच्या बुद्धीचा दोष नाही. जातिव्यवस्थेने जशी ज्ञानाची मक्तेदारी केली, तशीच व्यवहाराच्या माहितीचीही केली.

आता कुणी म्हणेल, मग हा ऑनलाइन बाजार सोडून द्या, आपला रोखीचा व्यवहार बरा. हे मला अजिबात मान्य नाही. हा बाजार आपल्यासाठी एका अर्थाने मोलाचा आहे. तिथे विकणाऱ्याचे घर कोणत्या वस्तीत आहे, हे विकत घेणारा पाहत नाही. जुना लॅपटॉप विकताना कुणी आडनाव विचारून किंमत पाडत नाही. गावच्या बाजारात जे स्वातंत्र्य मिळाले नाही, ते थोड्याफार प्रमाणात या अनोळखी बाजारात मिळते. अडचण एवढीच की ज्या अनोळखीपणामुळे आपली जात झाकली जाते, त्याच अनोळखीपणाआड चोरही लपतो. म्हणून बाजार सोडायचा नाही, त्याचे नियम शिकायचे. चवदार तळ्याचे पाणी गढूळ आहे म्हणून कुणी मागे फिरले नव्हते.

नियम फार नाहीत. विकणाऱ्यासाठी पहिला नियम असा: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. जुना सोफा, फ्रिज, मोटारसायकल विकायची जाहिरात टाकली की काही मिनिटांत फोन येतो. पलीकडचा बहुतेक वेळा स्वतःला लष्करातला जवान म्हणवतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, भाव न करता सौदा पक्का करतो. मग क्यूआर कोड पाठवून सांगतो, हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. यूपीआयचा पिन फक्त पैसे देण्यासाठी असतो. पिन टाकला की खात्यातून पैसे जातात, येत कधीच नाहीत. हे एक वाक्य आपल्या प्रत्येक आई-बापाला पाठ करून दिले तरी निम्मे काम होईल. दुसरा नियम: खरा लिलाव करणारा आपले कमिशन साधारणपणे विक्रीच्या रकमेतून कापून घेतो. विक्री होण्याआधीच कर, विमा, प्रमाणपत्र अशा नावांनी जो पैसे मागतो तो चोर समजावा. तिसरा: पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट किंवा एसएमएस हा पुरावा नव्हे. बँकेचे अॅप उघडून शिल्लक स्वतः पाहावी, मगच वस्तू हातातून सोडावी.

विकत घेणाऱ्याची जोखीम वेगळी आहे. होस्टेलवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली मुले जुना मोबाइल, जुना लॅपटॉप घेतात, कारण नवा परवडत नाही. त्यांनी मोबाइल घेताना स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तो तपासावा. चोरीचा मोबाइल निघाला तर पैसे जातातच, शिवाय पोलीस दारात येतात. आणि पोलीस दारात आल्यावर आपल्या वस्तीतल्या पोराकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे मी वेगळे सांगायला नको. गाडी घेताना आरसी कुणाच्या नावावर आहे, तिच्यावर कर्जाचा बोजा आहे का, हे परिवहन खात्याच्या पोर्टलवर पाहावे. वस्तू समोर पाहिल्याशिवाय ‘बुकिंग’ म्हणून एक रुपयाही देऊ नये. लिलावाच्या साइटवर बोली झपाट्याने चढत असेल तर थांबून विचार करावा. विकणाऱ्याचीच माणसे खोट्या नावांनी बोली चढवत असतात, आणि ‘शेवटची दोन मिनिटे’ ही घाई आपल्याला विचार करू न देण्यासाठी असते.

मोठी रक्कम जाते ती घराच्या लिलावात. कर्ज थकले की बँका सरफेसी कायदा, २००२ खाली तारण घेतलेले फ्लॅट ऑनलाइन लिलावाने विकतात. मुंबई, ठाणे, पुण्यात बाजारभावापेक्षा कमी किमतीत घर मिळते म्हणून आपल्यातले नोकरदार तिकडे वळू लागले आहेत. हा लिलाव पूर्णपणे कायदेशीर असतो, पण त्याच्या अटी कडक असतात. बोली लावण्याआधी अनामत रक्कम भरावी लागते. बोली जिंकली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी एकूण किमतीच्या २५ टक्के रक्कम भरावी लागते, त्यात अनामत धरली जाते. उरलेली ७५ टक्के साधारण पंधरा दिवसांत भरायची. लेखी संमतीने मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पुढे जात नाही. गृहकर्ज मंजूर झाले नाही, पैसे वेळेत आले नाहीत, तर भरलेली रक्कम बँक जप्त करू शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात अशी २५ टक्क्यांची जप्ती वैध ठरवली. म्हणजे इथे चोर नसतानाही आयुष्याची कमाई जाऊ शकते. म्हणून कर्जाची लेखी मंजुरी खिशात असल्याशिवाय बोली लावूच नये.

शिवाय ही विक्री ‘जसे आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर होते. बँकेकडे घराचा प्रत्यक्ष ताबा आहे की फक्त कागदोपत्री, सोसायटीची थकबाकी किती, मालमत्ता कर किती, जागेवर कोर्टात दावा आहे का, हे शोधण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. चोर याच ठिकाणी दलालाच्या रूपाने उभा राहतो. ‘मॅनेजर आपला माणूस आहे, अनामत माझ्या खात्यात टाका, फ्लॅट तुमचाच’ असे तो सांगतो. तो आपल्याच समाजाचा असेल, गळ्यात निळा मफलर असेल, तरीही त्याला एक पैसा देऊ नये. अनामत रक्कम जाहिरातीत दिलेल्या बँकेच्या खात्यात किंवा अधिकृत पोर्टलवरच भरली जाते. सरकारी बँकांच्या लिलावांसाठी जानेवारी २०२५ पासून ‘बँकनेट’ हे एकत्रित पोर्टल सुरू आहे. फेसबुकवर आलेल्या लिंकवरून कोणत्याही पोर्टलवर जाऊ नये. शाखेत जाऊन, प्राधिकृत अधिकाऱ्याला भेटून जाहिरात खरी असल्याची खात्री करावी.

‘आपला माणूस’ या शब्दाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. जय भीम हा आपला अभिमान आहे, पण तो आधारकार्ड किंवा पावती नाही. आपण एकमेकांवर विश्वास ठेवतो, कारण बाहेर कुणी आपल्यावर ठेवत नाही. या भाबड्या विश्वासावर भुरटे जगतात. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले ते हेच की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, गुरूने सांगितले म्हणूनही काही स्वीकारू नका, स्वतः तपासून पाहा. खुद्द तथागताचे वचन तपासायला सांगणारा धम्म आपण स्वीकारला आहे. मग ग्रुपवर आलेली लिंक का तपासायची नाही?

या प्रश्नाची एक बाजू आणखी कडू आहे. लुटलेला पैसा चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. त्यासाठी त्याला दुसऱ्यांची खाती लागतात. अशा खात्यांना ‘म्यूल’ खाती म्हणतात. बेरोजगार पोरांना गाठून सांगितले जाते, तुझे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे. ही पोरे कुठून येतात? ज्या वस्त्यांत काम नाही तिथून येतात, म्हणजे आपल्याही वस्त्यांतून येतात. गुन्हा उघडकीला येतो तेव्हा आधी खाते गोठते आणि पहिली अटक त्या पोराला होते. सूत्रधार दूर कुठेतरी सुरक्षित असतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड ही फसवणुकीची कलमे एकदा नावापुढे लागली की सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणी तिथेच अडकते. पाच हजारांसाठी आयुष्य गहाण पडते. सम्यक आजीविका हा अष्टांग मार्गाचा भाग आहे. आपले खाते भाड्याने देणे ही सम्यक आजीविका नाही, हे आपण आपल्या मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. त्यांना काम मिळावे म्हणून लढणे हीही आपलीच जबाबदारी आहे.

फसलो तर काय करायचे? लाज बाजूला ठेवून लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा. इथे पहिले काही तास फार मोलाचे असतात. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येतात. सोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः पिन वा ओटीपी दिलेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याचा असतो, पण कळवल्यानंतर होणारा तोटा बँकेचा असतो. म्हणजे आपण गप्प राहण्याची किंमत तासाच्या हिशेबाने मोजतो. स्क्रीनशॉट, मेसेज, व्यवहार क्रमांक, काहीही पुसू नये.

पोलीस ठाण्यात जावे लागले तर ‘तुझ्याकडे एवढे पैसे आले कुठून’ असा प्रश्न येऊ शकतो. ‘हद्द आमची नाही’ असेही ऐकावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही हद्दीतील ठाण्यात देता येते, ऑनलाइनही देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. ठाण्याने नोंद घेण्यास नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते, त्यापुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. हे अधिकार आहेत, कुणाची मेहरबानी नाही. खरेदी एखाद्या ई-कॉमर्स कंपनीच्या साइटवरून झाली असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तिच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

पण हे सारे एकट्या-दुकट्याने करण्याचे काम नाही, हा माझा खरा मुद्दा आहे. चोरांची टोळी संघटित असते आणि फसलेला एकटा असतो. तो बायकोला सांगत नाही, मित्राला सांगत नाही, कारण हसू होईल. त्याच्या मौनामुळे शेजारच्या गल्लीतला दुसरा माणूस त्याच नंबरवर फोन करतो. आपली चळवळ अत्याचाराच्या वेळी रस्त्यावर उतरते, ते उतरलेच पाहिजे. पण एका मजुराची दोन वर्षांची बचत एका दुपारी जाते, तेव्हा चळवळ कुठे असते? ज्यांच्याकडे जमीन नाही, वडिलोपार्जित घर नाही, त्यांची बचत हेच त्यांचे संरक्षण. ती गेली की मुलीचे शिक्षण थांबते आणि पाय पुन्हा सावकाराच्या दारात जातात. हा स्वाभिमानाचाच प्रश्न आहे.

म्हणून तरुणांना आणि कार्यकर्त्यांना माझी मागणी आहे. प्रत्येक बुद्ध विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास व्यवहाराच्या माहितीसाठी ठेवा. बँकेत, पोलिसात, वकिलीत असलेल्या आपल्या लोकांना तिथे बोलवा. आरक्षणातून मिळालेल्या खुर्चीचे ऋण फेडण्याची ही साधी रीत आहे. वस्तीत दोन तरुणांचे नंबर सर्वांना माहीत असू द्या, पैसे पाठवण्याआधी त्यांना फोन करता येईल असे. समाजाला जे काका-मामा मिळाले नाहीत, ते तुम्ही व्हा. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात, तिथे एक टेबल या विषयाचे लागू द्या. ग्रुप अॅडमिनने नाण्याचा मेसेज आला की तो काढून तिथेच खुलासा टाकावा. आणि कुणी फसला असेल तर त्याला भर सभेत बोलू द्या, त्याला हसणाऱ्याला गप्प करा. त्याचा अनुभव दहा घरे वाचवेल.

बाबासाहेबांच्या नाण्याला लाखाची बोली लागत नाही. ते नाणे घरात जपून ठेवा, मुलांना दाखवा आणि नाण्यावरच्या या माणसाने रुपयावर ग्रंथ लिहिला होता, हे त्यांना सांगा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातल्या ‘शिका’ मध्ये बाजारही येतो.

जय भीम!